मुठीचे तांदूळ

मी सुवार्तिका होते. म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं. पिशवीत पवित्र शास्त्र, गीतांचं पुस्तक आणि डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी घेऊन गावोगाव हिंडायचं, चार घरांत बसून प्रार्थना करायची आणि रविवारी कुणाच्या तरी अंगणात भक्ती घ्यायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बल्लारपुरात एका खोलीत राहत होते. पेपर मिलचा वास नाकात घेऊन सकाळची एसटी पकडायची, पोंभुर्ण्याला उतरायचं आणि तिथून रानातल्या वाटेनं दोन तास चालत एका गावाला जायचं. गावात ख्रिस्ती घरं सात. लोक मला 'प्रार्थनेच्या बाई' म्हणत. तोंडाची मी फटकळ, पण प्रार्थना लांबलचक आणि रसाळ करायची, म्हणून खपून जात असे.

त्या गावात मुठीचा रिवाज मी सुरू केला. रिवाज जुनाच, आमच्या मंडळ्यांमधून चालत आलेला. भात रांधताना, तांदूळ धुण्याआधी, एक मूठ देवासाठी वेगळ्या मडक्यात टाकायची आणि आठवडाभराचं जमलेलं रविवारी भक्तीला आणायचं. माझी भर एवढीच, की बायांनी गीत चालू असताना एकेक करून पुढे यावं आणि सगळ्यांसमोर आपले तांदूळ पितळेच्या गुंडात, म्हणजे मोठ्या घागरीत ओतावेत. दिसायला फार छान दिसायचं ते. गुंडातले तांदूळ शेवटी माझ्याच पिशवीत यायचे. माझं मानधन यायचं तेव्हा यायचं, त्यामुळे मी जगत होते ती त्या सात घरांच्या आणि आसपासच्या गावांच्या मुठींवर. दुसऱ्या गावांत गेले की साक्ष द्यायचे, 'प्रभू मला रानात पोसतो.' सांगताना रडू यायचं, आणि ते रडू खोटं नव्हतं.

मंडळीत माझ्याच वयाची एक बाई होती, पस्तिशीची. नवरा खाणीत कामाला म्हणून बल्लारपूरकडे गेला आणि तिकडेच दुसरी करून बसला. मूलबाळ नव्हतं. पावसाळ्यात लोकांच्या बांध्यांत धानाची रोवणी करायची, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायची. तिच्याइतकं मोठ्यानं गीत म्हणणारं आमच्यात कोणी नव्हतं. सूर मात्र देवाच्या हवाली. मी तिला चिडवायचे, 'हळू वो बाई, देव बहिरा नाई.' त्यावर ती हसायची आणि आणखी आवाज चढवायची. मला ती आवडायची, हे आधीच सांगून ठेवते.

एका श्रावणात ती भक्तीला यायची बंद झाली. एक रविवार, दुसरा, तिसरा. शेजारणींना विचारलं तर म्हणाल्या, "घरीच राह्यते, दार लोटून. बोलावलं तं येत नाई." आमच्या लोकांत याचं एकच निदान असतं, विश्वासात थंड पडली. पोटाला काय झालं, पायाला काय झालं, हे आम्ही नंतर विचारतो. तिसऱ्या रविवारी मी भर भक्तीत तिचं नाव घेऊन प्रार्थना केली. प्रभू, या बहिणीचं मन जगाच्या लोभात गुंतलं आहे, हरवलेल्या मेंढराला परत आण. बायांनी पदर डोळ्यांना लावले. प्रार्थना चांगली झाली, असं माझं मलाच वाटलं.

त्यानंतरच्या बुधवारी मी तिला चार गोष्टी सुनावायला म्हणून निघाले. वाटेतल्या दुसऱ्या गावची सभा आटोपली होती, त्यामुळे कापडी पिशवीत तिथल्या मुठीचे दोन-अडीच किलो तांदूळ होते. नाल्याला कमरेएवढं पाणी, पिशवी डोक्यावर घेऊन उतरले. दार ढकललं तर ती भिंतीला टेकून बसलेली. दोन्ही पायांना चिंध्या गुंडाळलेल्या. चुलीतली राख गार, आणि गाडग्यात तरोट्याचा, रानात फुकट मिळणाऱ्या भाजीचा, उकडलेला पाला. मी हे सगळं पाहिलं आणि तरी पाठ करून आणलेलंच बोलले, "भक्तीले काऊन नाई येऊन राह्यली?"

तिनं पायाची चिंधी सारखी केली. मग म्हणाली, "बाई, तुमीच सांगितलं ना, तांदूळ धुवाच्या पयले मूठ काढाची म्हून?"

"हो."

"मंग ज्याच्या घरी तांदूळच नाई धुतले, त्यानं मूठ कायची काढाची? साऱ्याजणी ओततीन, न मी तिथी रिकामी उभी राहू काय?"

रोवणीच्या पहिल्याच आठवड्यात चिखलानं तिचे पाय चिरले, चिखल्या झाल्या, त्यात पू धरला. उभं राहता येईना, रोजी बंद झाली. श्रावणात शेजाऱ्यांची मडकी तरी कुठे भरलेली असतात, आणि मागणं तिच्या अंगात नव्हतं.

मी तेव्हाच तिची माफी मागायला हवी होती. ते जमलं नाही. मला जे येत होतं तेच मी केलं, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. सवयीनं ती उपकारस्तुतीचीच झाली, दिल्या अन्नाबद्दल, दिल्या छपराबद्दल. मध्येच कळलं काय बोलतेय ते, पण थांबले नाही. मग पिशवी तशीच तिच्याजवळ ठेवली. म्हटलं, हे रांधून खा आणि पाय दवाखान्यात दाखव. ती "हो बाई" म्हणाली. रविवारी तिच्या नावानं काय केलं होतं, ते मी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी ती काठी टेकत आली. गीत सुरू झालं, बाया एकेक करून पुढे आल्या. तिची पाळी आली तेव्हा तिनं गुंडावर ओंजळ नाही धरली, सबंध पिशवी उलटी केली. 'धन्यवाद प्रभू' असा एकच गलका झाला. मला ते तांदूळ लगेच ओळखू आले. एका घरचा तांदूळ एकाच जातीचा असतो. या तांदळात जाडे होते, बारीक होते, लालसर होते. पुष्कळ घरच्या मुठी मिसळलेला तो तांदूळ होता, म्हणजे मी दिलेलाच. त्यातला दाणाही कमी झालेला दिसत नव्हता.

भक्ती संपल्यावर मी तिला बाजूला घेतलं. "रांधले काऊन नाई?"

"रांधले असते तं आज काय ओतलं असतं? तुमी माया नावानं प्रार्थना केली म्हणे. साऱ्या गावानं आयकली." तिच्या बोलण्यात राग नव्हता. रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी तिथेच उभं राहून सांगू शकले असते की हिच्या घरी चूल पेटलेली नाही आणि मी हिच्यावर आळ घेतला. पण सगळ्या आनंदात होत्या, मेंढरू परत आलं होतं, आणि ते माझ्या प्रार्थनेनं आलं होतं. तिची लाज झाकायची म्हणून गप्प राहिले, अशी मी मनाची समजूत घातली. झाकली मी माझी. तांदूळ नेहमीसारखे माझ्या पिशवीत ओतले गेले, मीही पिशवीचं तोंड उघडून धरलं. सोमवारी बल्लारपूरला पोचले तेव्हा भूक लागली होती. भात टाकला आणि जेवले. घास अडकला, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही अडकला.

मी आजही चर्चला जाते. विश्वास गेला असता तर हे सगळं कधीच विसरून मोकळी झाले असते. तो गेला नाही, आणि म्हणून हे कोणापुढे तरी उभं राहून सांगावं लागणार आहे, याची मला भीती वाटते.

पंधरा दिवसांनी ती गेली. पाय मांडीपर्यंत सुजला होता, अंगात ताप होता. बैलगाडीतून पोंभुर्ण्याला नेत होते, पण अर्ध्या वाटेवरूनच गाडी परत फिरवावी लागली. मातीला सातही घरं आली होती. रानाच्या कडेला पुरलं आणि परत निघालो, तेव्हा एका म्हातारीनं माझे दोन्ही हात हातात घेतले.

"बाई, तुमच्या प्रार्थनेनं वाचली वो पोरगी," ती म्हणाली. "वापस येऊन, विश्वासात निजली. नाई तं वाया गेली असती."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी 'आमेन' म्हणाले.