झाडून दिलेली जागा

फोटो हातात आला की ते आधी तो उलटा करायचे. समोरच्याला वाटायचं, चुकून झालं असेल. मग ते म्हणायचे, "तोंड कुणीबी दाखवतंय. पाठ बघू द्या." पाठीवर बहुधा काहीच नसायचं. कधी एखादा पुसट शिक्का, कधी पेन चालतं का हे बघायला कुणी मारलेल्या रेघा. तरी ते प्रत्येक पाठ उजेडात धरून वाचायचे आणि मगच फोटोतल्या माणसांकडे वळायचे.

कार्यालयात सगळे त्यांना मामा म्हणत. आमच्या वर्तमानपत्राच्या कोल्हापूर आवृत्तीची डार्करूम त्यांच्याकडे होती. त्याआधी ऐन पंचविशीत ते इथल्या एका चित्रपट स्टुडिओत फोटो धुण्याच्या कामावर होते. डिजिटल कॅमेरे आले, डार्करूममध्ये जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या गेल्या आणि मामांना फोटोओळी तपासायला बसवलं. मी तेव्हा उपसंपादक होतो. ते मला संपादक म्हणायचे. ती बढती मला फक्त त्यांच्याकडून मिळाली.

एकदा ते सत्काराचा एक फोटो घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"काय ओ संपादक, ह्यात माणसं किती?"

"सात."

"तुम्ही नावं लिवलीयसा चार. तिघं काय भुतं हायत?"

"पुढे 'आणि मान्यवर' लिहिलंय की."

"मान्यवर म्हंजे नाव न इचारलेली माणसं," ते म्हणाले आणि फोटो टेबलावर ठेवून उभे राहिले. मी बातमीदाराला फोन करून तीन नावं घेईपर्यंत ते हलले नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांनी ब्लॉग सुरू केला. एका मोठ्या कंपनीची फुकट सेवा होती. पत्ता त्यांचा, कागद त्यांचे, आपण फक्त लिहायचं. विषय एकच: स्टुडिओत काम केलेली, पण पडद्यावर कधी नाव न आलेली माणसं. लाईट धरणारे, सेट उभारणारे सुतार, शिंपी, गर्दीच्या दृश्यात उभ्या राहिलेल्या बायका. मामा त्यांच्या घरी जायचे. पिशवीत लहान स्कॅनर असायचा. "दुसऱ्याचा फोटो त्येच्या उंबऱ्याभायेर न्यायचा न्हाय," हा नियम. फोटो तिथंच स्कॅन करायचा आणि तिथंच परत द्यायचा. ब्लॉगवर फोटोखाली डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं. नाव मिळालं नाही तर तसं लिहायचं: "नाव मिळालेलं नाही. माहीत असल्यास कळवावे."

लोक कळवायचे. इचलकरंजीहून एकाने कळवलं की पायजमा घातलेला तो उंच माणूस म्हणजे त्याचे आजोबा. शाहूवाडीकडच्या एका शिक्षिकेने फोटोतल्या चार बायकांपैकी तिघींची नावं दिली. चौथीचं दुसऱ्या कुणी दिलं. मामा प्रत्येकाला उत्तर लिहायचे. उत्तराशिवाय राहिलेली प्रतिक्रिया मी त्या ब्लॉगवर पाहिली नाही.

मग पूर आला. कोल्हापुरात पूर म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मामांच्या तळमजल्यावरच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. कॉम्प्युटर गेला आणि त्यातल्या मूळ प्रतीही गेल्या. ज्यांच्या घरून त्यांनी फोटो घेतले होते, त्यांतली बरीच घरं नदीच्या बाजूची. ट्रंका, अल्बम, भिंतीवरच्या तसबिरी, सगळ्याचा चिखल झाला. पाणी उतरल्यावर महिनाभर लोक मामांकडे येत होते. नव्या भाड्याच्या खोलीत, वरच्या मजल्यावर, मामा ब्लॉगवरचा फोटो उतरवून घ्यायचे, छापून आणायचे आणि द्यायचे. जे आले नाहीत त्यांचे फोटो आता जगात एकाच ठिकाणी होते, हे त्यांना माहीत होतं.

म्हणूनच लंगोटाचं प्रकरण त्यांना एवढं लागलं. नायकाच्या जागी मारामारी करणाऱ्या एका पैलवानाचा फोटो होता. अंगाला माती, कमरेला लंगोट, शड्डू ठोकलेला. एके दिवशी कंपनीने तो लेखच झाकून टाकला. कारण दिलं होतं: अश्लील मजकूर.

"ह्यात अश्लील काय हाय ते दावा मला," मामा म्हणाले. "लंगोट तर हाय. तोबी घट्ट."

आम्ही हसलो. दाद मागितली. आठवड्याने तेच वाक्य परत आलं. तेव्हा मामा हसले नाहीत.

"आज एक झाकला. उद्या समदं झाकलं तर? आन् कुणाच्या दारात जाऊन बोंबलायचं?"

मी तेव्हा आमच्या वर्तमानपत्राची वेबसाइट सांभाळत होतो. मी सांगितलं, आपल्या नावाचा पत्ता घेता येतो, सर्व्हरवर आपली जागा घेता येते, सगळा ब्लॉग तिकडे हलवता येतो. मग कुणी झाकू शकत नाही.

"म्हंजे भाड्याची खोली सोडून सोताचं घर."

"जवळजवळ."

"जवळजवळ का म्हणतायसा?"

मी सांगितलं, मशीन दुसऱ्याच्याच इमारतीत असतं, पण आत काय ठेवायचं ते आपण ठरवतो.

"जमीन त्येंची, कुलूप आपलं," ते म्हणाले. "चालतंय की."

एका रविवारी त्यांच्या खोलीत आम्ही काम केलं. लेख आणि प्रतिक्रिया एका फाइलमधून सरळ आल्या. फोटो वेगळे आणावे लागतात. ते आणण्याचं काम तीनदा अर्ध्यावर थांबलं. चौथ्यांदा मी तो पर्याय बंद केला. नंतर सावकाश करू, असं ठरवलं, पण ते मनातल्या मनात. फोटो दिसत होतेच. पान नव्या जागेचं असलं तरी त्यावरचा प्रत्येक फोटो जुन्या जागेवरून येऊन दिसत होता. नुसतं बघून कुणालाही फरक कळला नसता.

मामांनी प्रत्येक पान उघडून तपासलं. चारशे बारा फोटो. दोन दिवस लागले. मग त्यांचा फोन आला. मी बैठकीत होतो.

"आलं का ओ संपादक समदं?"

"आलं."

तो संवाद एवढाच होता.

मामांनी उभं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढलं होतं. सहा घरं बदलली. जागा सोडण्याची त्यांची एक रीत होती आणि ती मी पुरानंतर स्वतः पाहिली होती. भिंतीतले खिळे उपटायचे. भोकं चुन्याने बुजवायची. चिखल झालेली ती खोलीसुद्धा त्यांनी धुऊन, पुसून, कोपरे झाडून मालकाच्या हातात किल्ली दिली. मालक म्हणाला होता, "मामा, पुरात गेलेली खोली हाय ही, कशाला पुसत बसलाय?" मामा म्हणाले होते, "घाण पुरानं केली, पर भाडेकरू मी हाय."

त्याच रीतीने त्यांनी ब्लॉगची जुनी जागा सोडली. आधी तिथे एक शेवटचा लेख लिहिला. कंपनीला उद्देशून, मराठीत. इतकी वर्षं जागा दिल्याबद्दल आभार मानले होते आणि लंगोटाच्या बाबतीत कंपनीचा गैरसमज झाला आहे, हेही नम्रपणे कळवलं होतं. तो लेख एक दिवस ठेवला. मग सगळं काढलं. लेख काढले, फोटो काढले. काढलेल्या गोष्टी त्या सेवेत काही आठवडे कचरापेटीत राहतात, हवं तर परत घेता येतात. मामांनी कचरापेटीही रिकामी केली. नंतर मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सोडलेल्या घरात आपला कचरा ठेवून जायचा व्हय?"

चौथ्या दिवशी एका बाईंचा फोन त्यांना आला. "मामा, आईचा फोटो गेला की ओ. नुसता चौकोन दिसतोय."

त्यांच्या कॉम्प्युटरवर तोवर फोटो दिसत होते, कारण एकदा पाहिलेलं चित्र मशीन काही दिवस जवळ ठेवतं. मी गेलो तेव्हा ते एकेक पान उघडत होते. एकेक चौकोन रिकामा होत होता. मशीनच्या साठ्यातून आम्ही नऊ फोटो वाचवले. कंपनीला मी इंग्रजीत लिहिलं, मामांनी मराठीत. दोघांना एकच यांत्रिक उत्तर आलं. त्याखाली विचारलं होतं, आमची सेवा कशी वाटली? पाच तारे होते.

"कितीवर बोट ठेवू?" मामांनी विचारलं. ते चेष्टा करत नव्हते. प्रश्न विचारला आहे तर उत्तर द्यायला हवं, असं त्यांना वाटत होतं.

लोकांच्या मोबाइलमधून आणि पुरानंतर छापून दिलेल्या प्रतींतून आणखी सत्तावन्न मिळाले. बहुतेक कापलेले होते. गटातून एकच चेहरा काढून घेतलेला, भोवती फुलं, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. शेजारी उभी असलेली माणसं त्यातून गेली होती. मामांचं सगळं काम त्या शेजारी उभ्या असलेल्यांसाठी होतं.

त्यानंतर ते घरोघर गेले. फोन केले नाहीत. यादी केली आणि ज्यांच्याकडून फोटो घेतले होते त्या प्रत्येक उंबऱ्यावर स्वतः गेले. एका दिवशी मी बरोबर होतो. नदीकडच्या पेठेतलं घर. म्हातारी बाई गर्दीच्या दृश्यांत काम करायची, तिची धाकटी बहीणही. बहीण विशीतच वारली. तिचा तो एकच फोटो होता. मूळ पुरात गेला होता आणि छापील प्रत न्यायला ती आली नव्हती.

"कुणी पुसलं?" म्हातारीने विचारलं.

"मी. माझ्या हातानं."

"कशापायी?"

"जागा सोडायची हुती. झाडून द्यावी म्हटलं."

"शिकलेलं माणूस न्हवं तुम्ही? कुणी सांगटलं हुतं तुमास्नी?"

"कुणी न्हाय."

मी दाराशी उभा होतो. ते माझ्याकडे वळले नाहीत. फोटो नव्या जागेवर आलेच नव्हते, हे मला माहीत होतं; त्यांना किती माहीत होतं ते मला कधीच कळलं नाही. रस्त्यावर आल्यावर म्हणालो, "मामा, ते फोटो वेगळे..."

"पुढचं घर लांब हाय," ते म्हणाले. "चला."

त्या वाक्याचा मी आधार घेतला. पुढे बोललो नाही, नंतरही नाही. बातमीत दुरुस्ती द्यायची वेळ आली की दुसऱ्या दिवशी, त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे द्यायची, हे मी नव्या मुलांना अनेक वर्षं शिकवलं आहे.

यादी संपायला त्यांना दोन महिने लागले. काहींनी चहा दिला, काहींनी दारातूनच वाटेला लावलं. नृसिंहवाडीच्या एकाने त्यांना शिव्या घातल्या. ते पूर्ण ऐकून घेऊन परत आले. नवा लेख त्यांनी लिहिला नाही. ब्लॉगच्या नव्या घरात आता एकही फोटो लावायचा नाही, असं जणू ठरवलं होतं. आहे त्या रिकाम्या चौकोनांखालच्या ओळी मात्र त्यांनी काढल्या नाहीत. मी एकदा सुचवलं होतं. ते म्हणाले, "नावं काय पुसलीत व्हय मी?"

मागच्या थंडीत ते गेले. आमच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. त्या मी लिहिल्या. 'निवृत्त कर्मचारी' असं लिहिलं. ब्लॉगचा उल्लेख केला नाही. लोक पत्ता शोधून उघडतील, आणि काय बघतील?

तरी लोक उघडतात. ब्लॉग उभारताना व्यवस्थापक म्हणून माझाच ईमेल टाकला होता, त्यामुळे प्रतिक्रिया मंजुरीसाठी माझ्याकडे येतात. मंजूर केली तर दिसते, नाही तर रांगेत थांबते. सध्या रांगेत एकोणीस आहेत. सर्वांत अलीकडची एका मुलीची आहे, गेल्या मंगळवारची:

"डावीकडून तिसरी माझी पणजी. घरात तिचा एकही फोटो नाही. तुम्ही नाव लिहिलंय म्हणून सापडलं, धन्यवाद काका. पण फोटो उघडत नाहीये. माझ्या फोनमध्येच काही बिघाड आहे का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.