स्टाफचं खातं

आज सकाळी फोनवर मेसेज आला की स्टाफसाठी ओव्हरड्राफ्ट मंजूर आहे, खात्यात नसलेले पैसेही काढता येतील, नुसतं बटण दाबा. तो वाचला आणि बुऱ्हाणपूरच्या आमच्या जुन्या शाखेतला शाईचा, ओल्या नोटांचा वास आठवला.

तिथे एके दिवशी आमचा कॅशियर महाजन मॅनेजरसाहेबांसमोर उभा होता. गावी, फोपनारला, त्याची आई अत्यवस्थ होती. तिला गाडी करून इंदूरला न्यायचं होतं आणि त्याच्या खात्यात तेवढे पैसे नव्हते.

"साहेब, परवा तर पगार आहे. थोडे जास्तीचे काढू द्या."

"केळीवाल्या शेठचं खातं असतं तर सही केली असती रे. स्टाफचं खातं एक रुपयानंही उणे गेलं तर नोकरीवर बेततं."

"मग आजच्या दिवस मलाच शेठ समजा ना," महाजन कसंबसं हसत म्हणाला.

साहेबांनी स्वतःच्या खिशातल्या नोटा त्याच्यापुढे ठेवल्या, आम्हीही दिल्या. पण कॅशियरला मध्येच उठता येत नाही; कॅश जुळवून, तिजोरी बंद करून तो गावी पोचेपर्यंत आई गेली होती.

तेव्हा मला साहेबांचा फार राग आला होता. आज मी त्यांच्याच हुद्द्यावर आहे, आणि मीही नाहीच म्हणालो असतो.

तेरावं करून महाजन कामावर आला, तेव्हा पगार जमा झालेला होता. आमचे उसने फेडण्यापुरतेच त्यानं काढले. बाकीच्या पैशांना बरेच दिवस हात लावला नाही.