नंबरवर पत्रावळ

लहानपणी घरी पाहुणे आले की मी गाडीत जाऊन बसायचे. आर्णीला आमच्या घराला लागून टिनाचं शेड आहे. त्यात बाबांची जुनी पांढरी गाडी उभी असते, आईच्या दोन साड्या जोडून शिवलेल्या खोळीखाली. खोळीत शिरून गाडीचं दार ओढून घेतलं की आतला उजेड निळा होतो, मागच्या सीटकडे जांभळा, आणि काठ जिथे येतो तिथे एक पिवळी रेघ. रेक्झिनला उन्हाचा वास, त्यात थोडंसं पेट्रोल. बैठकीतून आवाज यायचा, "पोरगी कुठी गेली?" आई सांगायची, "अभ्यास करून राह्यली." ते खोटं नव्हतं. इंग्रजी शाळेतलं सगळं पाठांतर मी स्टिअरिंगला पुस्तक टेकवून केलं आहे.

आता मी मोठी झाले. घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. पाहुणे आले की गाडीत जात नाही. म्हणजे कमी जाते.

मागच्या वर्षापासून गाडी उन्हात बंद पडायला लागली. थोडं अंतर नीट चालायची, मग दोन-चार आचके देऊन रस्त्याच्या कडेला उभी राहायची. निवली की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. बाबांना बंद पडण्याचं फारसं वाटत नसे. त्यांना नंतरचं सहन होत नसे. जो थांबेल तो न विचारता बॉनेटमध्ये डोकं घालायचा, एखादी वायर ओढून बघायचा, टपावर थाप मारून म्हणायचा, "काका, भंगारवाल्याले देऊन टाका न आता." बाबा रुमाल हातात धरून बाजूला उभे, स्वतःच्याच गाडीपाशी पाहुण्यासारखे. तशा वेळी त्यांचा चेहरा मी बघत नसे. मला तो फार ओळखीचा होता.

वैशाखातल्या एका दुपारी ते जेवता जेवता म्हणाले, "बोरी अरबले ताईकडे आमरसाले जायचं आहे, तेवढं नेतो गाडीले. रस्त्यात उभी राहिली तर देऊन टाकतो. दारव्ह्याचा एक जण मागून राह्यला."

"मंग मी बसनं जाते," आई म्हणाली. "तुमी या मागून, ढकलत ढकलत."

बाबा हसले नाहीत. मी ताटातल्या भाताकडे बघत राहिले आणि मला तो निळा उजेड दिसत राहिला.

जुन्या गाड्यांच्या एका ग्रुपमध्ये मी कितीतरी महिने होते. आपल्याच भागातली माणसं, फोनवरचा ग्रुप. मी तिथे कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. दुपारी काम संपलं की नुसती वाचत बसायचे, जसं ओसरीवर मोठी माणसं बोलत असतात आणि आपण खांबाला टेकून ऐकत असतो. ग्रुपमध्ये शिरल्याबरोबर नव्या माणसाने कसं वागावं ते लिहिलेलं होतं. मला ते वाचून हलकं वाटलं होतं. लग्नघरात शिरताना आधी कुणाच्या पाया पडायचं, कुठे बसायचं, कधी बोलायचं, हे मला आजवर कुणी लिहून दिलं नाही. सगळ्यांना ते जन्मतः येतं असं सगळे धरून चालतात. इथे मात्र सांगितलं होतं. आधी जुनं बोलणं वाचा, तुमचा प्रश्न कुणीतरी विचारलेला असेल. आपली ओळख द्या, मग दुखणं सांगा. दुसऱ्याच्या गाडीला खटारा म्हणू नका, आणि फोटो दिसल्याबरोबर 'कितीला देता' विचारू नका. गाडी समोर असो की फोटोत, मालकाला विचारल्याशिवाय हात घालू नका. आणि कुणी उपाय सांगितला तर परत येऊन सांगा काय झालं, उपाय फसला तरी सांगा.

एक रीत मात्र कुठे लिहिलेली नव्हती, ती बघून बघून कळायची. नव्याने आपल्या गाडीचा उजेडातला फोटो टाकायचा, आणि नंबर झाकायला आपल्या घरातली, गावातली एखादी वस्तू लावायची. मग त्या वस्तूवरूनच माणूस ओळखला जाई. केळापूरच्या एका काकांनी नंबरवर पांढरी टोपी अडकवली होती, ते टोपीवाले काका. एकाने तुरीच्या शेंगांची जुडी बांधली होती, तो तुरीवाला. खरी नावं कुणी फारशी वापरत नसे. मला हेही आवडायचं.

त्या जेवणानंतर मी जुनं बोलणं पुन्हा सगळं वाचलं. उन्हात बंद पडणाऱ्या गाड्या बऱ्याच होत्या, पण प्रत्येकीचं कारण वेगळं. विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सकाळी मी खोळ काढली, फडताळातून पळसाची पत्रावळ आणली आणि मागच्या नंबरवर दोऱ्याने बांधली. आई दारातून बघत होती.

"काय व, गाडीले जेवाले वाढून राह्यली काय?"

फोटो चांगला आला. कोवळं ऊन, पांढरी गाडी, मधोमध पत्रावळ, जशी पंगत बसायची आहे. पण खाली काय लिहायचं? मला औपचारिक लिहायचं म्हटलं की शाळेतला इंग्रजी अर्जच सुचतो. आदरणीय महोदय, नम्र विनंती, आपली विश्वासू, सगळं इंग्रजीत. तसाच पाठवला.

मग टोपीवाल्या काकांचा आवाज आला, मुद्दाम रेकॉर्ड केलेला. "बापू, हे बँकेची नोटीस आहे काय? आधी बस. पानी पे. मंग आपल्या भाषेत सांग, दुखते कुठी."

मी लिहिलं, "काका, मी मुलगी आहे."

मग तोच आवाज, जरा हळू. "मंग बाई, बस. पानी त पेच."

मी खरंच उठून पाणी प्यायले. आणि मराठीत सगळं लिहिलं. मी कुठली, गाडी कधी थांबते, किती वेळाने सुरू होते, बाबा काय म्हणाले तेही. बाबांचं मी का लिहिलं, मला माहीत नाही. मी कुणाला असं सांगत नाही. काकांनी दोन-तीन गोष्टी विचारल्या आणि सांगितलं, "उन्हात पेट्रोल नळीतच उकळून राह्यलं असन. उभी राहिली का इंजिनपाशी पेट्रोल ओढाचा छोटा पंप असते, त्याच्यावर ओलं फडकं ठेव. लवकर सुरू झाली तर रोग तोच. मंग घरी येऊन पंपाखालचं जाड पॅकिंग पाह्य, इंजिनची धग तेच अडवते, कोनी काढून टाकलं असन." खाली तुरीवाल्याने लिहिलं, "आणि येऊन सांगजो बरं."

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "फडकं? कायले? ताप आला काय तिले?"

तरी निघताना मी पाण्याची बाटली आणि जुना पंचा पिशवीत घेतला. पत्रावळ फेकवली नाही, मागच्या काचेशी टेकवून ठेवली. आई काही बसने गेली नाही. ती मागे बसली, मी पुढे, आणि दारव्ह्याच्या रस्त्याने आम्ही निघालो. दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी शेतं, वर उन्हाची झळ, इतकी की पुढचा रस्ता पाण्यासारखा हलत होता आणि आम्ही त्याच्याजवळ गेलो की तो आणखी पुढे सरकत होता. मी इंजिनचा आवाज ऐकत होते, झोपलेल्या माणसाचा श्वास ऐकावा तसा.

दारव्हा यायच्या थोडं आधी गाडीने आचके दिले. बाबांनी तिला एका कडुनिंबाखाली घेतलं. चावी फिरवून बघितली, मग हात मांडीवर ठेवले.

"झालं," ते म्हणाले.

ते उतरले, बॉनेट उघडलं, रुमाल काढला आणि त्यांचा तो चेहरा झाला. मी पंचा घेऊन उतरले, पण त्यांच्या पुढे जायचा धीर होईना. तेवढ्यात मागून आलेली मोटरसायकल थांबली. चाळिशीचा माणूस, डोक्याला दुपट्टा. बाबा लगेच दोन पावलं मागे सरले, त्याला डोकं घालायला जागा द्यावी तसे.

तो जवळ आला नाही. आपल्या मोटरसायकलपाशीच उभा राहून म्हणाला, "नमस्कार काका. आर्णीचे न? मांगच्या काचेत पत्रावळ दिसली मले." मग माझ्याकडे बघून, "मी तुरीच्या शेंगावाला."

मी मान हलवली. हसू आलं, ते थांबवता आलं नाही.

तो बाबांकडे वळला. "लय जपली गाडी तुमी. काका, हात लावू काय?"

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. आजवर रस्त्यावर कुणी त्यांना हे विचारलं नव्हतं. हातातल्या रुमालाची त्यांनी घडी केली, खिशात ठेवला, आणि पुढे झाले. "या न. हा पाहा पंप," ते म्हणाले, घर दाखवावं तसे. "पोरगी म्हने ओलं फडकं ठेवा."

"बरोबर म्हने. ठेवा तुमीच."

बाबांनी माझ्या हातातून पंचा घेतला, मी बाटली ओतली, आणि त्यांनी तो पंपावर हलकेच दाबून धरला. वाफ निघाली. कडुनिंबाची फुलं खाली पडत होती, बॉनेटवर, आमच्या डोक्यांवर. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "कपाळावरची पट्टी बदला म्हना." तुरीवाला मोठ्याने हसला, आणि मग बाबाही.

गाडी सुरू झाली. तुरीवाल्याला रसाला चला म्हटलं, तर तो आला नाही. त्याला कुणाकडे तरी जायचं होतं. जाताना एवढंच म्हणाला, "ग्रुपवर सांगजा बरं बाई."

आत्याकडून परतल्यावर गाडीच्या मिस्त्रींनी पंप उघडला. जाड पॅकिंग नव्हतंच. ते बसवून झालं त्या दुपारी मला बाबा घरात कुठे दिसेनात. शेडमध्ये गेले तर खोळ घातलेली, आणि आत ते बसलेले, ड्रायव्हरच्या बाजूला. दार उघडून मी शेजारी बसले. ते निळ्या उजेडात होते, कपाळावर पिवळी रेघ. माझ्याखेरीज आणखी कुणी इथे येऊन बसतं हे मला माहीत नव्हतं.

"त्या दारव्हेवाल्याले फोन केला," ते म्हणाले. "नाही म्हनलं."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्या लोकायले सांगितलं काय तू? काय झालं ते?"

"नाही अजून."

"काहून? सांगा लागते न."

मी फोन काढला. पॅकिंगचं लिहिलं, फडक्याचं लिहिलं, काकांचे आभार मानले. बाबा माझ्या खांद्यावरून वाचत होते. इंग्रजी शाळेतल्या पोरीचं मराठी त्यांनी कधी इतकं लक्ष देऊन वाचलं नसेल.

"आनखी एक लिही," ते म्हणाले. "त्यानं आधी इचारलं म्हना, हात लावू काय."

मी तेही लिहिलं.