भावोजींचा काचेतला बांध

अख्ख्या रायगड किनाऱ्यावर मीठ विकत आणून पाण्यात कालवणारा मिठागरवाला एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. उरणजवळच्या त्यांच्या गावात घराच्या ओट्यावरून खाडी दिसते. भरतीच्या वेळी खारा वास विचारल्याशिवाय स्वयंपाकघरात शिरतो. असं असताना आमचे भावोजी बादलीभर गाळलेलं गोडं पाणी घेतात, पनवेलहून आणलेल्या पिशवीतलं परदेशी मीठ त्यात घालतात, लाकडी उलथन्याने तासभर ढवळतात आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत समुद्र ओततात. खाडी दारात असताना हा उपद्व्याप कशाला, असं मी एकदा विचारलं. "खाडीचे पान्यात जहाजांचा तेल हाय, गटारांचा पानी हाय, आनखी काय काय हाय," ते म्हणाले. "आपला समुद्र आपुनच करावा." समुद्रावरून त्यांच्याशी वाद घालणारा मी कोण? मी अलिबागला नोकरी करतो आणि समुद्राकडे फक्त पाहुणे आले तरच जातो.

हे वेड त्यांना दाढेतून लागलं. पनवेलच्या एका दातांच्या डॉक्टरकडे दाढ काढायला गेले असताना तिथे बसायच्या खोलीत त्यांनी प्रवाळाची टाकी पाहिली. निळा उजेड, खडकावर उमललेली जांभळी-हिरवी फुलं, त्यांतून फिरणारे नारिंगी मासे. नंबर आला तेव्हा त्यांनी मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं, मग त्याच्या मागच्यालाही. शेवटी कम्पाउंडरने हाताला धरून आत नेलं. घरी आले ते सुजलेला गाल आणि टाकीचं माप घेऊनच. ताईला वाटलं, भुलीचं औषध उतरलं की हेही उतरेल. महिन्याभरात दिवाणखान्यातल्या पूर्वेच्या भिंतीला, म्हणजे दरवर्षी गणपती बसतो बरोबर त्याच जागी, चार फुटांची टाकी उभी राहिली. कोळीण मासे विकायला आली की दारातून आत डोकावून विचारायची, "दादा, एवरेशा मासल्यांचा कालवन किती जनांना पुरल?" भावोजी तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि बोंबील मात्र घ्यायचे.

आता यात हसण्यासारखं पुष्कळ असलं तरी एक गोष्ट सांगून टाकतो. भावोजींचं सगळं तरणेपण पाणी अडवण्यात गेलं. वडिलांचं मिठागर होतं, लागून भाताची खारजमीन होती आणि दोन्ही खाडीपासून राखणारा मातीचा लांबलचक बांध होता. त्या बांधाची राखण भावोजींकडे होती. पुढे बंदराचं काम आलं, जमीन गेली, बांध भरावाखाली गेला. भावोजी कंटेनरच्या यार्डात फाटकावर बसून ट्रकांचे नंबर लिहू लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. फक्त टाकी आल्यावर एकदा, काच पुसता पुसता म्हणाले, "आता एवराच पानी राहिलाय माझे हातात." मी दुसरं फडकं घेऊन काचेची पलीकडची बाजू पुसू लागलो.

पाण्याचा खारेपणा मोजायला टाकी विकणाऱ्या पनवेलच्या दुकानदाराने त्यांना एक नाजूक यंत्र दिलं होतं. भावोजींनी ते कपाटात ठेवलं आणि बोट बुडवून जिभेला लावलं. "जरासा कमी हाय." दुकानदाराला राहवलं नाही. त्याने कपाटातलं यंत्र मागून घेऊन तपासलं, तर खरंच जरासा कमी! तेव्हापासून भावोजी अधूनमधून जिभेने यंत्राची परीक्षा घेतात आणि "बरा चाललाय" असं त्याला प्रशस्तिपत्र देतात. अमावस्या-पौर्णिमेला खाडीला उधाण येतं म्हणून त्या दिवशी टाकीचा पंप जोरात, अष्टमीला भांगाची मंद भरती म्हणून पंप मंद. टाकीतल्या माशांना तिथी कळतात यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. उपास तेवढा त्यांनी माशांना घडवला नाही.

मात्र याच मिठागरी ज्ञानाने त्यांना पहिल्याच उन्हाळ्यात तोंडघशी पाडलं. मिठागरात ऊन पाणी पितं आणि आपण पुन्हा खारं पाणी आत घेतो. भावोजींनी टाकीतही तेच केलं. पाणी दोन बोटं उतरलं की बादलीभर खारं पाणी आत. पाणी जितकं खारं तितकं बरं, असं मिठागरात मुरलेली जीभही सांगत होती. काचेच्या कडेवर पांढरी खपली धरली, मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करू लागले. पनवेलचा दुकानदार धावत आला आणि म्हणाला, "काका, उडून जातं ते फक्त पाणी. मीठ खालीच राहतं. वरून गोडं पाणी घालायचं." भावोजी त्यानंतर दोन दिवस जेवले नाहीत. ज्या गोष्टीवर सात पिढ्या जेवल्या, ती गोष्ट पनवेलच्या पोराने त्यांना शिकवली होती.

पण खरं दुखणं खडकांचं होतं. टाकीत प्रवाळ लावायला सच्छिद्र दगड रचावे लागतात. भावोजींनी दगड असा शब्द ऐकला आणि त्यांचे हात शिवशिवले. तीन दिवस खपून त्यांनी टाकीच्या मागच्या अंगाला या काचेपासून त्या काचेपर्यंत बांध घातला. मोठे दगड खाली, मधले वर, प्रत्येक फटीत दगडाची चिपटी ठोकून बसवलेली आणि वर पाण्यात घट्ट होणारी, फटी बुजवायची लांबी. त्यावर त्यांनी प्रवाळाचा अंगठ्याएवढा जांभळा तुकडा चिकटवला. मला बोलावून बांधावर बुक्की मारून दाखवली. दुकानदार मात्र काळजीत पडला. "काका, भिंत नका करू. दगड मोकळे ठेवा, मधून पाणी खेळू द्या. मागे घाण साचली की तिच्यावर शेवाळ पोसतं." भावोजी छाती काढून म्हणाले, "आमचे बांधातून आजपरत पानी सुटला नाय." दुकानदाराने चहा अर्धा टाकला आणि गेला.

शेवाळ आलं. आधी काचेवर हिरवी धूळ, मग दगडांवर लव, मग हातभर केस. भावोजींनी युद्ध पुकारलं. घरातले सगळे जुने दातांचे ब्रश कामी आले, मग दोन नवेही. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणल्या, त्या शेवाळ सोडून काचेवरून बाहेर फिरायला निघाल्या. एक ताईच्या चपलेत सापडली आणि त्या दिवशी भावोजींना ओट्यावर जेवावं लागलं. उजेड तोडायचा म्हणून टाकीवर तीन दिवस घोंगडी टाकली. घरात कोणी आजारी असल्यासारखे सगळे हळू बोलत होते. घोंगडी काढली तर शेवाळ ताजंतवानं. गावातून सल्ले येऊ लागले, कोणी तुरटी फिरवा म्हणालं, कोणी दृष्ट काढा. शेवटी श्रावणात ताईने जाहीर केलं, "जल्ला तो टँक! गनपतीपरत पानी साफ झाला तं ठेवा. नाय झाला तं दुकानवाल्याला देऊन टाका. माझे देवाचे जाग्यावर डबका नको." दुकानदार टाकी परत घ्यायला तयार होता. गणपतीच्या आधीच्या सोमवारी टेम्पो यायचं ठरलं.

मी रविवारी दुपारी गेलो तेव्हा भावोजी टाकीसमोर स्टुलावर बसले होते. जांभळं प्रवाळ आठ दिवस मिटलेलं होतं आणि त्याच्यावर हिरवे केस चढले होते. सगळं करून झालं होतं, फक्त एक गोष्ट सोडून, आणि ती कोणती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.  मग त्यांनी सदरा काढला, पंप बंद केला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. लांबी कडकन तुटली. पहिला दगड निघाला तसा मागून काळा गाळ उसळला आणि ओहोटीच्या खाडीला येतो तसा वास खोलीभर पसरला. वासाने ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मला वाटलं, आता दोघांची जुंपणार. पण तिने पदर खोचला आणि बादली घेऊन शेजारी उभी राहिली. भावोजी मागे न बघता दगड देत होते आणि ती एकेक बादलीत ठेवत होती. उधाणाला बांध फुटला, त्याला खांड पडली की गाव रांगेत उभं राहायचं आणि चिखलाची ढेकळं हातोहात पुढे सरकायची, हे मी ताईकडून ऐकलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती त्या रांगेत उभी राहिली होती. मी मदतीला म्हणून उठलो खरा, पण त्या दोघांच्या मध्ये मला जागाच नव्हती. मी परत बसलो.

टाकीतला सगळा गाळ उपसून झाल्यावर तेच दगड त्यांनी पुन्हा रचले, या वेळी विरळ, एकाला एक टेकवून, खाली पोकळ्या ठेवून. पंप सुरू झाला. पाणी दगडांमधून आरपार जाऊ लागलं आणि एक नारिंगी मासा एका पोकळीतून पलीकडे गेला. भावोजींचा हात आपोआप एका चिपटीकडे वळला. त्यांनी ती उचलली आणि फटीपाशी नेली. "पानी सुटला गो," ते हळूच म्हणाले. ताईने पाण्यात हात घालून त्यांचं मनगट धरलं.

"सुटू द्या," ती म्हणाली. "आता मागं आपला काय हाय बुडायला?"

भावोजींचा हात बराच वेळ पाण्यात तसाच राहिला. मग ती चिपटी त्यांनी बादलीत टाकली. दुसऱ्या दिवशी आलेला टेम्पो ताईनेच परत पाठवला आणि गणपती त्या वर्षी समोरच्या भिंतीला बसला. मी दर्शनाला गेलो तेव्हा शेवाळ पुरतं गेलेलं नव्हतं, दोन कोपऱ्यांत होतंच, पण जांभळं प्रवाळ उमललं होतं. आलेला प्रत्येक पाहुणा आधी देवाला नमस्कार करून मग तिकडे वळत होता. भावोजी त्यांच्यात नव्हते. ते ओट्यावर एकटे बसून खाडीच्या बाजूला, पूर्वी मिठागर होतं तिकडच्या बंदराच्या दिव्यांकडे बघत होते. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. मी शेजारी जाऊन बसलो आणि भरती कधी आहे ते विचारलं. त्यांनी न बघता सांगितलं.