दत्तूमामांची पिवळी रेघ

मामा गेल्याचा फोन त्यांच्या जुन्या मालकाने केला. बातमी दिली आणि त्याच दमात म्हणाला, "देवमाणूस होता हो." मला शिसारी आली… दीड महिना झाला, ती अजून गेलेली नाही.

दत्तूमामा भिंगारच्या एका गॅरेजात सस्पेन्शनचं, म्हणजे चाकं गाडीला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा-जोडण्यांचं काम करायचे. नगरच्या हौशी लोकांच्या ताकदवान, वेगवान गाड्या त्यांच्याच हाताखालून जायच्या. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, तीही मेकॅनिकलची. पण नट कसा आवळायचा ते मला मामांनी शिकवलं. गाडी जॅकवर लोंबकळत असताना शेवटचं आवळायचं नाही. चाकं जमिनीवर टेकून वजन बसलं की मगच. आत नायलॉनचं कडं असलेला नट एकदा सोडला की पुन्हा नवाच घालायचा, कारण जुन्याची पकड गेलेली असते. ठरलेला जोर लागला की टॉर्कचा पाना 'टक' वाजतो; तो वाजला की नट-बोल्टवरून पिवळ्या रंगाची रेघ. पन्नास किलोमीटरनंतर गाडी परत बोलवायची. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला. "रेघ म्हंजी माजी सही हाय," म्हणायचे.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाला गाडी वरातीसाठी त्याच दिवशी हवी होती. नवे नट पुण्याहून यायचे होते. मामांनी गाडी द्यायला नकार दिला आणि जेवायला घरी गेले. परत आले तर गाडी गेलेली. कर्जतच्या रस्त्यावर नट निखळला, चाक आडवं झालं, गिऱ्हाइकाचा पाय मोडला. नटांवर पिवळी रेघ होती, म्हणून दोष मामांचा. बावीस वर्षांची नोकरी संध्याकाळपर्यंत संपली.

मामा मला म्हणाले, "ती रेघ माजी न्हाई. तुला बी वाटतं व्हय, मी वडली आसंल?" उत्तर द्यायला मला क्षणभर उशीर झाला. मामांनी ते पाहिलं आणि विषय बदलला. त्या उशिराची मला सगळ्यात जास्त किळस येते.

दहाव्याला गॅरेजातल्या एका मेकॅनिकने मान खाली घालून सांगितलं, मामा जेवायला गेल्यावर मालकानेच जुने नट चढवले आणि मामांच्या डबीतला रंग लावला. सगळ्यांनी पाहिलं होतं. मालक समोरच बसला होता. मी चारचौघांत त्याला विचारलं, रेघ कोणी ओढली. त्याने चहा संपवला, मिशी पुसली.

"आता कशाला ताई, गेलेल्या माणसाचं…"

मामांच्या खोलीत खिडकीपाशी एक पत्र्याचा डबा आहे. नोकरी सुटल्यावर ते शेजाऱ्यांच्या स्कूटरी, रिक्षा दुरुस्त करायचे, त्यांचे काढलेले नट त्यात आहेत. एकूणएक नट छिन्नीने फोडून ठेवलाय… पुन्हा कोणाला चढवता येऊ नये म्हणून.