शेपटी जड झाली तेव्हा

गारखेड्यात पत्र्याच्या एका खोलीत आम्ही पाचजण राहायचो. वडील चितेगावच्या कंपनीत हमाली करायचे. मी इंजिनिअरिंगला गेलो. शेवटच्या वर्षी आमचं मॉडेल विमान एक फेरी पुरी करेल, तरच प्रोजेक्ट पास होणार होता. मैदानात पहिल्याच झेपेत त्याची शेपटी मोडली. प्रोजेक्टमधल्या जोडीदारानं तिला भसाभस गोंद थापला. पंखांखाली दोन बोटं धरून मी विमान तोललं, तर शेपटी खाली गेली.

"लई जड केलीस. आता नाकाला वजन लागंल."

"माझं डोकं लाव."

"त्यात कुठंय वजन?"

मी खिशातला खोलीच्या किल्ल्यांचा जुडगा नाकाला चिकटपट्टीनं बांधला. विमान सुटलं, डगमगलं; प्रोजेक्ट तपासणारे सर घड्याळ बघत होते. मग विमान सावरलं आणि फेरी मारून उतरलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर झालो.