नाकेदाराचा ‘पास’

बातमी आली तेव्हा मी चांद्याला परीक्षेच्या इमारतीबाहेर उभा राहून भजी खात होतो. गोविंदभाऊ नाकेदारांची मुलगी रुखमा आत मॅट्रिकचा इतिहासाचा पेपर लिहीत होती आणि मला, तिच्या मास्तराला, दुसरं काम नव्हतं. समोर आमच्याकडचा गाडीवान मारोती येऊन उभा राहिला. मी त्याच्यापुढे पुडा धरला. त्यानं भजी घेतली नाहीत. “मास्तर, नाकेदारभाऊ गेले,” म्हणाला. मी विचारलं, “कुठं?” ... इतका मी शहाणा.

गोविंदभाऊंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. पोंभुर्ण्याच्या शाळेत नवा लागलो होतो. एका सुताराकडून सागवानी पलंग करून घेतला आणि बैलगाडीवर घालून ऐटीत निघालो. वाटेत जंगलखात्याचा नाका. आडवा बांबू खाली. खाकी सदऱ्यातला एक काटकुळा माणूस पुढे आला. “मास्तर, पलंगाचा पास?” जंगलातून निघालेल्या लाकडाबरोबर परवान्याचा कागद लागतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी नागपूरचा, त्यातून इंग्रजीचा मास्तर. छाती काढून इंग्रजीत गरजलो की मला जाऊ द्या, लेट मी पास! “पासच तं मांगून राह्यलो ना जी,” गोविंदभाऊ शांतपणे म्हणाले. गाडीवान हसला. मला वाटतं, बैलही हसले.

पलंग नाक्यावर राहिला आणि मी शाळेच्या बाकांवर झोपू लागलो. रोज संध्याकाळी पलंग आहे ना हे पाहायला जायचो. त्यावर ताडपत्री घातलेली असे. गोविंदभाऊ स्वतः मात्र खाली, नाक्यालगतच्या आपल्या क्वार्टरच्या भिंतीला टेकून बसलेले. “बसा ना पलंगावर,” मी एकदा म्हटलं. “जप्तीच्या मालावर बसत नसते, मास्तर. तुमीबी बसू नका.” पुढे रीतसर पास झाला, पलंग घरी आला, पण संध्याकाळी पाय नाक्याकडेच वळायचे.

बायको गेल्यावर गोविंदभाऊंना रुखमाशिवाय कोणी नव्हतं. ते स्वतः मॅट्रिकला इंग्रजीत आपटले होते, तेही दोनदा. आता पोरीनं ती परीक्षा द्यायची, एवढं एकच त्यांनी मनात धरलं होतं. भाऊबंद म्हणायचे, लग्न उरकून टाका. ते म्हणायचे, “उरकाले का ते धान कापणं हाय?” मग मी रुखमाला शिकवू लागलो. शिकायला बापही भिंतीला टेकून बसायचा. मध्येच बांबूची गाडी आली की उठायचा. “थांबा मास्तर, पास पाहून येतो.”

या एका शब्दावर त्यांचा फार जीव. एकदा त्यांनी विचारलं, “परीक्षेत पास, नाक्यावर पास. एकच शब्द दोन जागी काऊन नोकरी करते?” मी ठोकून दिलं की दोनच अर्थ आहेत. रुखमानं शाळेतला जाडा कोश उघडला आणि माझी अब्रू निघाली. डोंगरातली खिंड म्हणजे पास. चेंडू दुसऱ्याकडे ढकलला, तो पास. वेळ जातो, ताप उतरतो, माणूस मरतो, तिथंही पास आहेच. गोविंदभाऊ खूश होऊन मांडीवर थापा मारत होते. “मेल्यालेबी? म्हंजे वरतीबी आमचंच खातं!” आणि मूळ? मूळ निघालं लॅटिनमधलं, अर्थ पाऊल. गोविंदभाऊंनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, “मंग मी नापास झालो म्हंजे एक पाऊल राह्यलं, येवढंच ना? टाकंन माही रुखमा.”

परीक्षेच्या तोंडावर त्यांना हिवतापानं धरलं. रुखमा त्यांना सोडून चांद्याला जाईना, त्यांनीच दटावून तिला तयार केलं. ते घोंगडीखाली कुडकुडत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, “मास्तर, काहीबी होवो, इंग्रजीचा पेपर होऊ द्या. मंग सांगा तिले.” मी हो म्हणालो. काहीही होणार नाही अशी खात्री असली की हो म्हणणं सोपं असतं.

आणि आता मारोती समोर उभा. इंग्रजीचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. लगेच निघालो तर बापाचं तोंड दिसणार होतं, थांबलो तर पेपर मिळणार होता. मी ठरवलं, शब्द पाळायचा. मारोतीला झाडामागे उभं केलं. घंटा झाली, रुखमा बाहेर आली. मी हसलो, ऊन फार आहे म्हणालो, तिला जिलबी घेऊन दिली. ती जिलबी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली.

“मास्तर, पेपर कसा गेला हे तुमी इचारलं नाई.”

खरंच, तेवढंच विसरलो होतो.

“बाबा...?” तिनं विचारलं. माझी नजर मारोतीच्या झाडाकडे गेली. तिनं जिलबी माझ्या हातात परत दिली. “मले घरी न्या.” मी तिला बापाचा निरोप सांगितला, उद्याचा एकच पेपर म्हणालो, त्यासाठी त्यांनी काय काय सोसलं ते बोलत सुटलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. “रागावतीन बाबा. रागावू द्या, मास्तर. तोंड तं पाहीन.”

तोंड दिसलं. तिरडी नाक्यावरून न्यायची होती. तात्पुरता आलेला पोरगेला गार्ड आडव्या बांबूच्या दोरीला हात लावून उभा होता. हिरव्या बांबूची तिरडी समोर आली आणि तो सवयीनं पुढे झाला, मग एकदम ओशाळला. त्यानं नाक्याचा बांबू वर केला आणि सगळे पार होईपर्यंत वरच धरून ठेवला.

याला आता काही आठवडे झाले. रुखमा पुढच्या साली पुन्हा बसणार आहे, तोवर आमच्याकडे राहील. आमच्या मंडळींनी तिच्यासाठी आतली खोली रिकामी केली. परवा क्वार्टर सोडायचं म्हणून सामान आणायला मी आणि रुखमा गेलो. नवा नाकेदार येणार म्हणून खात्याचा माणूस भिंतींना चुना मारत होता. दाराजवळच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, तेलाचा एक काळपट गोल डाग आहे. वर्षानुवर्षं टेकून टेकून पडलेला. चुन्याचा कुंचा तिथवर आला.

“तेवढी जागा राहू द्या ना भाऊ,” रुखमा म्हणाली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आपला छताकडे पाहू लागलो. तो डाग सोडून पुढे सरकला. रुखमा बांधलेल्या गाठोड्यापाशी, त्या डागाकडे तोंड करून खाली बसली. गाडी यायला वेळ होता.

“हं मास्तर,” ती म्हणाली, “इंग्रजीचं कुठी थांबलो होतो आपण?”